विहिरीतून स्टेशनापर्यंत पोहलेलं घड्याळ

मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे, आणि मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही. आधीच बजावून ठेवतो. ज्याला ऐकायचं असेल त्याने मांडी घालून बसावं, ज्याला पुरावे लागतात त्याने खुशाल पतंग उडवायला जावं.

माझा मुक्काम सध्या होटगीत, बाळाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात. डावीकडे मिठाची बरणी, उजवीकडे खिळ्याला टांगलेला एक वाळका भोपळा. त्याला केशरी रंग दिलेला आहे. तो फारसा बोलत नाही. मी गोष्ट सांगायला लागलो की नुसता खिळ्यावर जरासा हलतो. मला ते आवडत नाही.

तर माझा जन्म. कारखान्यात झाला असं खोक्यावर लिहिलंय, पण खोक्यावर काय, कुणीही काहीही छापतं. मला विचाराल तर मी आभाळातून पडलो, कारण माझं सगळं आजोळ तिकडेच आहे. पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह म्हणजे माझे मामा. त्यातल्या चार मामांची हाक एकदम ऐकू आली की मला कळतं, मी नेमका कुठे उभा आहे. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली की कळतं, किती पुढे आलो आणि किती वेगाने. लोक ह्याला जीपीएस म्हणतात. मी आजोळची माया म्हणतो.

मला सोलापुरातल्या एका दुकानातून वैष्णवीने निवडलं. वैष्णवी ही बाळाबाईंची सून. शहरातल्या शाळेत गणित शिकवते, आणि पाण्यात मासोळीसारखी पोहते. मी यायच्या आदल्या वर्षी तिने हिप्परग्याच्या तलावावरच्या शर्यतीत भाग घेतला होता. ट्रायथलॉन म्हणतात त्या प्रकाराला. आधी तलावात पोहायचं, अंगावरचं पाणी निथळायच्या आत सायकलवर बसायचं, आणि सायकल टेकवून लगेच पळत सुटायचं. मध्ये चहालासुद्धा थांबायचं नाही. वैष्णवी पोहली झकास. पण सायकलवर तिने धाकट्या दिराला, जोतीरामला, मागे टाकायचंच म्हणून जीव खाऊन पायडल मारलं. टाकलंही. मग पळताना तलावाच्या भरावावर डोळ्यांपुढे काजवे चमकले, पाय दगड झाले, आणि ती पाण्याचे जार वाहणाऱ्या टेम्पोत बसून परत आली.

त्या दिवसापासून जोतीराम तिला चहा देताना विचारायचा, "वैनी, कप हातात देऊ की टेम्पोनं पाठवू?"

आणि बाळाबाईंनी निकाल देऊन टाकला होता. "अजून एकदाच. ह्या खेपंलाबी टेम्पोतनं आलीस तर ती सायकल माज्या भाच्याला देऊन टाकणार. पुन्हा नाव काढायचं न्हाय."

म्हणजे बघा, तिला पहिलं यायचं नव्हतं. शेवटची रेघ स्वतःच्या पायांनी ओलांडायची होती, एवढंच.

दुकानदाराने काचेवर तीन घड्याळं मांडली. एक आरशासारखं चकचकीत, त्यात नकाशे, गाणी, सगळा बाजार. दुसरं नाजूक, फोन आला की कुरकुरणारं. तिसरा मी. जाडजूड, अंगाला पाच बटणं, तोंडावर ठळक आकडे. मला कुणी हात लावत नसे.

वैष्णवीने पाण्याच्या बाटलीत बोट बुडवलं आणि चकचकीत घड्याळावर फिरवलं. पडदा भलतीकडेच सरकला. पुन्हा फिरवलं, तो हललाच नाही.

"मॅडम, ओल्या हाताने कशाला वापराल?" दुकानदार म्हणाला.

"मी तलावातून बाहेर पडल्यावर टॉवेल घेऊन कोण उभं राहणार आहे, तुम्ही?"

मग तिने तिघांनाही दुपारच्या उन्हात रस्त्यावर नेलं. सोलापूरचं ऊन म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. चकचकिताचं तोंड काळंठिक्कर पडलं. नाजुकाने तर मानच टाकली. मी मात्र उन्हात जास्तच स्पष्ट दिसत होतो. त्या वेळी सूर्य स्वतः खाली वाकून माझ्याकडे बघून वेळ लावून गेला, पण ते जाऊ द्या. तिने मला मनगटावर बांधलं, बटण दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हे ऐकतं."

त्या दोन शब्दांवर मी आजवर जगतोय.

होटगीत सराव सुरू झाला तो शेतातल्या विहिरीत. आता, मित्रांनो, विहीर म्हणजे माझ्यासाठी अंधारकोठडी. खोल, चारी बाजूंना दगड, वर आभाळाचा परातीएवढा तुकडा. त्यात वैष्णवीचा हात सारखा पाण्याखाली जाणार. मामांची हाक ऐकू येईना. एखाद्या मामाचा आवाज यायचा तोही दगडांवर आपटून, भलत्याच दिशेने. पण मनगटावर बसून "माहीत नाही" म्हणायचं म्हणजे नामुष्की. मी अंदाजाने ठोकून दिलं.

संध्याकाळी वैष्णवीने फोनवर नकाशा उघडला आणि घरच्यांना दाखवला. विहिरीतून निघालेली निळी रेघ निंगप्पाअण्णांच्या गोठ्यातून, ज्वारीच्या रानातून, थेट होटगी स्टेशनाला जाऊन परत आली होती.

निंगप्पाअण्णा शेजारचे. निम्म्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलंय. त्यांनी चष्मा वर केला. "पोरी, माज्या गोट्यातनं पवत गेलीस व्हय गं? म्हैस काय बोलली न्हाय?"

"वैनी, एवढं पोहलीस तर टेम्पोची काय गरज?" जोतीराम म्हणाला. "मालगाडीच पकडायची होती की."

वैष्णवी हसली, पण ती रेघ पुन्हा पुन्हा बघत राहिली. किती पोहलो तेच कळत नसेल तर ताकद राखायची कशी, हा तिचा प्रश्न होता. गणिताच्या बाईंना खोटी बेरीज चालत नाही.

उपाय अण्णांनी काढला. आमच्या भागात पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधतात. भोपळा बुडत नाही, म्हणून पोरही बुडत नाही. अण्णांनी गोठ्यातून आपला जुना भोपळा आणला, त्याला लांब दोरी लावली, दोरीचं टोक वैष्णवीच्या कमरेला, आणि मला सुतळीने भोपळ्याच्या डोक्यावर घट्ट बसवलं.

"हे पाण्याच्या वर ऱ्हाईल. ह्याला आबाळ दिसंल. मग खोटं बोलायचं कारण न्हाय," अण्णा म्हणाले.

विहिरीत माझी थोडी सुधारणा झाली. पण त्या भोपळ्यासकट तिने मला गावच्या तलावात नेलं, तेव्हा मात्र सगळे मामा एकदम दिसले आणि मी पहिल्यांदा खरं बोललो. रेघ सरळ आली. सरळ म्हणजे वैष्णवी जरा डावीकडे सरकते, तेही त्यात दिसलं. तेव्हापासून पोहताना माझी जागा भोपळ्यावर. बाहेर आल्यावर सुतळी सोडायची, मला मनगटावर चढवायचं, एक बटण दाबायचं. ते बटण दाबल्याशिवाय पोहणं संपून सायकल सुरू झाली, हे मला कळत नाही. सायकल संपली की पुन्हा एकदा. हे ध्यानात ठेवा.

जमिनीवर माझं काम निराळं होतं. माझ्या पोटाखाली हिरवा दिवा आहे, तो मनगटातल्या रक्ताकडे बघून काळजाचे ठोके मोजतो. ठोके फार वाढले की मी थरथरायचं, असं वैष्णवीने ठरवून दिलं. पहिल्या आठवड्यात मी एवढा थरथरलो की तिच्या हातातलं ताक घुसळून लोणी निघालं.

"सासूसारखं टोकतंय नुसतं," ती वैतागून म्हणाली.

बाळाबाई भाकरी थापत होत्या. "मी कवा टोकलं गं?"

"तुम्ही नाही, आत्या. लोकांच्या सासवा म्हणते मी."

"मग आसू दे. टोकू दे."

हळूहळू गंमत झाली. जोतीराम शेजारून सायकल दामटत गेला की तिचा पाय आपोआप जोर धरायचा, मी थरथरायच्या बेतात असायचो, आणि तेवढ्यात तीच श्वास लांबवायची. पुढे पुढे तर मला थरथरायची संधीच मिळेना. मला कौतुक वाटायचं, आणि खरं सांगतो, थोडं वाईटही.

एक चूकही सांगितली पाहिजे. मी झोपही मोजतो. एका पहाटे मी जाहीर केलं की बाईंची विश्रांती अपुरी, आज सराव नको. वैष्णवी ताजीतवानी उठली होती. माझं तोंड बघून ती अंथरुणावर पुन्हा बसली आणि म्हणाली, "आज मला थकल्यासारखं वाटतंय."

बाळाबाई दारात उभ्या होत्या. "तुला वाटतंय का त्याला वाटतंय?"

वैष्णवीने क्षणभर विचार केला. मग मला मिठाच्या बरणीशेजारी ठेवून ती पळायला गेली. परत आली तेव्हा गुणगुणत होती. माझी ह्या कोनाड्याशी ओळख झाली ती त्या दिवशी.

आणि मग शर्यतीचा दिवस उजाडला. थंडी सरत आलेली, हिप्परग्याच्या पाण्यावर वाफ. पोहणाऱ्या प्रत्येकाने मागे तरंगणारी, लांबून दिसणारी वस्तू बांधायची असा नियम होता. सगळ्यांचे हवा भरलेले झकपक फुगे, आणि वैष्णवीचा भोपळा. जोतीरामने आदल्या दिवशी त्याला ट्रॉलीचा उरलेला केशरी रंग दिला होता. संयोजकांनी भोपळा दाबून पाहिला, पाण्यात ढकलून पाहिला आणि मान डोलावली.

मी भोपळ्याच्या डोक्यावर बसून असा गेलो, जसा हत्तीवरून राजा. पाण्यातले मासे वाट सोडून दोन्हीकडे उभे होते. वैष्णवी पाण्याबाहेर आली. काठावर ताडपत्री अंथरून बाळाबाई बसल्या होत्या.

इथून पुढचं मी जरा भरभर सांगतो.

मी तिच्या मनगटावर चढलो. तुळजापूर रस्त्याला समोरून असा वारा की पुढे जाणारे ट्रक उलटे सोलापूरला चालले होते. जोतीराम शेजारून गेला आणि ओरडला, "वैनी, टेम्पो मागनंच येतोय." तिचा पाय शिवशिवला. मी थरथरलो. अहो, असा थरथरलो की वारा बिचकून थांबला. तिने जोतीरामला जाऊ दिलं. मग पळताना तो भराव आला, जिथे गेल्या वेळी पाय दगड झाले होते. मी तिला म्हणालो, "सावकाश, वैष्णवी, सावकाश." तिने माझ्याकडे पाहिलं, श्वास लांबवला. पुढे जोतीराम पोटरी धरून बसला होता. ती थांबली, त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "भावजी, टेम्पो पाठवू का?" आणि मी तिला हाताला धरून त्या रेघेपलीकडे नेलं. स्वतःच्या पायांनी. सायकल घरीच राहिली, भाच्याला गेली नाही.

आता माझा पट्टा तुटलाय, बॅगवाल्याकडून शिवून घेतलेला दुसरा बसवलाय. काचेवर ओरखडे आहेत. तरी रविवारी वैष्णवी मला बाहेर काढते. गावातल्या सातआठ मुली विहिरीवर शिकायला येतात, त्यांच्या भोपळ्यावर मी बसतो. पुढच्या हिवाळ्यात त्यातल्या दोघी हिप्परग्याला उतरणार आहेत. म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला जपा. घामाचं मीठ अंगावर वाळू देऊ नका, साध्या पाण्याने धुवा. शर्यतीच्या आदल्या दिवशी पोटभर चार्ज करा. घेताना चकाकी बघू नका, आपल्याला काय करायचंय ते बघा. आणि एकदा घेतलंत की त्याच्यावर विश्वास ठेवा, कारण त्या दिवशी मी मनगटावर नसतो तर वैष्णवी...

"लबाडा," खिळ्यावरून भोपळा म्हणाला. "किती रं ठोकशील?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"मनगटावर कवा हुतास तू? सुतळी भिजून आवळली, गाट सुटंना. तू आन मी, दोगंबी ताडपत्रीवर पडलो हुतो, बाळाबायच्या चपलांजवळ. वारा आन भराव आन बाटली, समदं जोतीरामानं रात्री जेवताना सांगितलं, तवा ह्याच कोनाड्यात ऐकलंस. बटण कुणीबी दाबलं न्हाय. ती मेडल घालून आली तरी तुज्या तोंडावर 'पोहणं चालू' असंच हुतं."

समोर मांडी घालून बसलेल्यांत विहिरीवरच्या मुलीही होत्या, त्या हसायला लागल्या. 

"आन त्यो ताडपत्रीवरचा शब्द का गाळलास?" भोपळा म्हणाला. "बाळाबाय वराडली, घड्याळ ऱ्हायलं की गं. तर सायकलवर टांग टाकून पोरगी काय बोलली? 'राहू दे आत्या, आता मला आतनंच कळतंय.' एवढं एकच सांगायचं हुतंस की रं. त्ये तूच शिकवलं हुतंस."