शांघायच्या चार फेऱ्या

मला जरा हळू उलगडा, मित्रांनो. माझ्या घड्या विरल्या आहेत. भिंतीवर टांगायचा जगाचा नकाशा मी. जन्म लंडनच्या छापखान्यात झाला आणि उमेदीची वर्षं गेली एका छोट्या विमान कंपनीच्या ऑफिसात.

तिथे माझी काळजी घ्यायचे शशिकांतराव. मूळचे पुण्याचे, राहायला लंडनजवळच्या वॉटफर्डला. कुठलं विमान कुठे न्यायचं, हे ते ठरवत आणि माझ्यावर टाचण्या टोचून रंगीत दोरे ताणत. टोचायचं हो, पण पाहुणे थांबून माझं कौतुक करायचे तेव्हा मी काय फुगायचो म्हणून सांगू!

२००४ साली त्यांचं बोट शांघायवर टेकलं ते तिथेच राहिलं. पण चीनला वाटेल त्याने उडावं, असं नव्हतं. ब्रिटन आणि चीन या दोन देशांच्या करारात आठवड्याच्या फेऱ्या मोजक्याच. त्यातल्या चार उरल्या होत्या आणि मागणारे दोघे: आम्ही आणि एक बडी कंपनी. सरकारी सुनावणीत ज्याचं म्हणणं पटेल, त्याला हक्क मिळणार होता. आमचे बाकीचे मार्ग तोट्यात होते. शांघाय हुकलं तर ऑफिसला टाळं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुनावणीला मला गुंडाळून नेलं. बड्या कंपनीने छातीठोकपणे सांगितलं, चारही फेऱ्या पहिल्या आठवड्यापासून! शशिकांतरावांना विचारलं, तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि पहिल्या वर्षी तीनच जमतील, असं खरं ते सांगून टाकलं. शेजारी बसलेल्या भावनाने कपाळाला हात लावला. ही त्यांच्या हाताखाली काम करणारी, इंग्लंडातच जन्मलेली मराठी मुलगी.

"काका, व्हाय?" बाहेर आल्यावर ती जवळजवळ रडलीच. "चार बोलायचं ना!"

"अगं, एवढ्या लांब जाणारं विमान आपल्याकडे एकच. त्याला दुरुस्तीला दिवस नको का?"

चारही फेऱ्या बड्या कंपनीला गेल्या. सहा महिन्यांत आमचं ऑफिस बंद झालं. शशिकांतरावांनी एकेक टाचणी काढली आणि मला काखोटीला मारून घरी आणलं. त्या वयात त्यांना दुसरी नोकरी कोण देणार?

वर्षाने भावना घरी आली. "काका, दे आर फ्लाइंग ओन्ली टू! बाकीचा दोन फेऱ्या नुसता पडून आहे."

शशिकांतरावांनी माझ्यावरच्या शांघायवर पुन्हा बोट टेकवलं. मग म्हणाले, "मी खोटं बोलायला हवं होतं का गं?"

भावनाने डोळे पुसले आणि ती निघाली. अख्खं जग माझ्या अंगावर छापलेलं, पण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. फार वाईट वाटलं हो.

मित्रांनो, मी फाटलो तरी चालेल, पण एवढं करा. जे वापरणार नाही, ते अडवून ठेवू नका. आणि खरं बोलून हरलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. भावना गेल्यावर शशिकांतराव एकटेच बसले होते, आणि मला साधा हातसुद्धा नाही.