छत्रीवर फिरणारी अंगठी

डोंगरकड्याजवळच्या त्या गावात सरपंचपदाच्या मतदानाला चार दिवस उरले होते आणि मारुतीच्या सभामंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक दर्शनाला आलेले नव्हते. मत कुणाला द्यायचं, हे देवाला विचारायला आले होते. देवाच्या वतीनं उत्तर देणारे मार्तंडबाबा पाटावर बसले होते. पुढच्या चौरंगावर दोन कागद: एकावर छत्री, म्हणजे उकंडरावांची निशाणी, दुसऱ्यावर कपबशी, शकुबाईंची. बाबांच्या हातात काळ्या दोऱ्याला बांधलेली चांदीची अंगठी.

ज्याला कौल हवा त्यानं दोरा चिमटीत धरायचा आणि अंगठी आधी एका कागदावर, मग दुसऱ्यावर लोंबती ठेवायची. जिथं ती आपोआप गोल फिरेल, ती देवाची पसंती. बाबा दोऱ्याला बोटही लावत नव्हते. तरी अंगठी छत्रीवर गरगर फिरे आणि कपबशीवर मुडद्यासारखी लटकून राही. लोक हात जोडत होते.

बाबांचं तोंड मात्र एक क्षण बंद नव्हतं. छत्री म्हणजे मारुतीरायाचं छत्र, ते ज्याच्या डोक्यावर त्याला काळसुद्धा भितो. कपबशी हे फुटकं नशीब, ती ज्या घरात शिरली तिथलं लेकरू तापानं फणफणतं. पावसाळा नुकताच सरला होता, गावभर डास होते, लेकरू तापलं नाही असं घर शोधून सापडलं नसतं. पण ऐकणाऱ्या प्रत्येकीला वाटे, बाबांना नेमकं आपल्याच घरातलं कळलं. बाबांचा मुक्काम उकंडरावांच्या मळ्यावर होता, येणं-जाणं उकंडरावांच्या गाडीतून होतं. देवाची आणि उकंडरावांची पसंती तंतोतंत जुळते, याचं कुणाला नवल वाटत नव्हतं.

शिवकन्या त्या रविवारी हिंगोलीहून माहेरी आली, तेव्हा तिची आई मंजुळाबाई चुलीपाशी गप्प बसली होती. शिवकन्या हिंगोलीत एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत होती, पण आईला काय झालंय हे काढून घ्यायला तिला तासभर लागला. मंजुळाबाई आणि शकुबाई तीस वर्षांच्या मैत्रिणी. शकुबाईंच्या प्रचाराला पहिल्या दिवशी घरोघर फिरली ती मंजुळाबाईच. मग नातू रुद्र तापानं पडला आणि शेजारणीनं तिला कौलाला नेलं.

"माझ्याच हातात फिरली गं ती, छत्रीवर," मंजुळाबाई म्हणाली. "मी हात हलवला न्हाई. माझ्या हातानंच मला सांगितलं. आता शकूच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?"

चार दिवस ती शकुबाईंच्या गल्लीतून गेलेली नव्हती.

शिवकन्येला इतका राग आला की तिला आधी तहसीलला तक्रार करावीशी वाटली. पण तक्रारीनं बाबा फार तर दुसऱ्या गावी गेला असता आणि आई जन्मभर स्वतःच्या हाताला भीत राहिली असती. तिनं घरातली दोन सारखी ताटं उचलली, आईला सोबत घेतलं आणि देऊळ गाठलं.

तिनं बाबांना नमस्कार केला नाही. दोन्ही निशाण्या ताटांखाली झाकू, कोणती कुठं हे कुणालाच ठाऊक नको, मग कौल घेऊ, एवढंच ती म्हणाली. देवाला ताटाखालचं दिसतंच. बाबा उसळले. देवाची परीक्षा घेणाऱ्याचा निर्वंश होतो, असं त्यांनी गर्दीकडे पाहत सांगितलं. त्यांना तारायला त्यांचा सगळ्यात कडवा भक्त जळबा पुढे आला आणि त्यानंच त्यांना बुडवलं.

"होऊन जाऊ द्या, बाबा," तो म्हणाला. "आपला देव खरा हाय, तर भ्यायचं काहून?"

सगळ्यांनी पाठ फिरवली, शिवकन्येनं कागद ताटांखाली सरकवले आणि ती स्वतः खांबाआड जाऊन उभी राहिली. दहा जणांनी दोरा धरला. चौघांची अंगठी छत्रीच्या ताटावर फिरली, तिघांची कपबशीच्या, तिघांची हललीच नाही. ताटं उचलली तेव्हा कुजबुज सुरू झाली. बाबा म्हणाले, स्टीलनं शक्ती अडते.

मग शिवकन्येनं कागद पुन्हा झाकले आणि जळबाला जवळ बोलावून सगळ्यांना ऐकू येईल असं सांगितलं, की छत्री डावीकडच्या ताटाखाली आहे. जळबानं डोळे मिटून मारुतीचं नाव घेतलं. डाव्या ताटावर अंगठी अशी जोरात फिरली की दोरा तुटतो की काय वाटावं. स्टील आता अडवत नव्हतं. शिवकन्येनं ताट उचललं. खाली कपबशी होती.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "देवाला ते कळलं असतं. जळबाभाऊंना कळलं न्हाई, म्हणून अंगठी फसली."

मंजुळाबाईनं विचारलं, "मंग माझा हात खोटारडा हाय का?"

"न्हाई, माय. अधांतरी धरलेला हात कधीच पुरता स्थिर नसतो. मनात जे भरलंय तिकडं तो हलतो, आपल्याला न कळता, अगदी तिळाएवढा. लांब दोऱ्याच्या टोकाला त्याचा मोठा झोका होतो. बाबांनी तुझ्या मनात रुद्रची भीती भरली. ती बोटांतून दोऱ्यात उतरली."

बाबा चपला शोधत होते. शकुबाईंची माणसं टाळ्या पिटून शकुबाईंच्या नावाचा जयजयकार करू लागली. शिवकन्या त्यांच्याकडे वळली. तिच्या आवाजात बाबांसाठी होता तेवढाच तिरस्कार होता.

"बाबांची अंगठी पहिल्यापासून कपबशीवर फिरली असती तर तुमी मला इथं उभं राहू दिलं असतं का? बाबांनाच खांद्यावर घेतलं असतं. तुमाला सोयीचं निघालं म्हणून पटलं. उद्या दुसरा कुणी येईल. अंगठी नसंल, मोबाईलवरचा एखादा व्हिडिओ असंल. तो आधी तुमाला भेव घालील, मंग उपाय सांगील आणि म्हणील, हे तर तुमच्याच मनातलं. तवा येवढंच करा. भीती कुणी घातली, ते बघा. जे आवडलं, ते तर दोनदा तपासा."

जयजयकार थांबला. कुणाला ते बोलणं रुचलं नाही. जळबा तर अजूनही सांगतो, की त्या दिवशी बाईनं अंगठीवर मंत्र टाकला होता.

मतदानाच्या दिवशी मंजुळाबाई शकुबाईंच्या दारात गेली, आत जाऊन चहा प्यायली आणि एकटीच शाळेकडे निघाली. ती केंद्रातून बाहेर आल्यावर शिवकन्येनं सहज विचारलं, मत कुणाला दिलं.

"तुला काहून सांगू?" मंजुळाबाई म्हणाली. "मी इचार करून दिलं."