सामाईक भिंत

आमच्या आणि शेजारच्या घरात एकच भिंत आहे. ती माझ्या बाबांनी बांधली. बाबा गवंडी. जन्मभर लोकांची घरं उभी केली, स्वतःसाठी हे एवढं एकच. शेजारची जागा पुढे ज्यानं घेतली, त्यानं "काका, काका" करत गोड बोलून आमच्याच भिंतीला टेकवून घर चढवलं आणि मोरी नेमकी बाबांच्या खाटेपलीकडे काढली. स्वतः तिथे एक दिवस राहिला नाही. भाडेकरू ठेवतो, भाडं नेतो. नळ गळो, छत गळो, त्याचं उत्तर ठरलेलं: "उद्या माणूस पाठवतो." गल्लीत त्याचं नावच उद्या पडलं. "उद्या आज येणार आहे" असं कुणी म्हटलं की आम्ही पोट धरून हसायचो.

मग बाबांच्या खाटेच्या डोक्याशी बशीएवढा डाग दिसला. बशीची परात झाली. पोपडे सुटले, काळी बुरशी चढली, पांघरुणाला कुबट वास यायला लागला. बाबा खोकू लागले. मी लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर लोकांचे कपडे कडक करायचे आणि घरी येऊन बापाची दमट उशी उलटीपालटी करायची.

उद्याला फोन केले. आधी उचलायचा, मग उचलेना. शेवटी त्याची भाडेकरीण, नर्स आहे, ती कामावरून येताना तिला गाठलं.

"ताई, मोरीतलं पाणी जातं कुठे तेच मला कळत नाही," ती म्हणाली. "बोलले त्याला. म्हणतो, जमत नसेल तर खोली सोड. लेकराला घेऊन कुठे जाऊ?"

तिच्यावर काय ओरडायचं? तीही त्याच चरकात.

बाबा मात्र भिंतीला तळवा लावून उभे राहायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. एकदा म्हणाले, "पोरी, ही माझ्याच हातून बिघडली."

"काहीतरीच काय!"

"तुझ्या वेळेस तुझी आई दवाखान्यात अडली होती. माझं निम्मं ध्यान तिकडे. थर भराभर चढवले. विटांमधला माल कच्चा राहिला असणार."

"तुमच्या मालानं इतकी वर्षं वाट बघितली होय बिघडायला?" मी हसण्यावारी नेलं. तिथेच चुकलं. बाबांचा एक नियम होता: भिंतीला काही झालं की आधी बांधणाऱ्यानं पुढे व्हायचं. त्यापायी लोकांच्या भिंती त्यांनी फुकट पुन्हा घालून दिल्या होत्या. आई यावरून त्यांना शहाणे म्हणायची, आणि कौतुकानं नव्हे.

मी नगरपालिकेत खेटे घातले. ही खिडकी, ती खिडकी, जेवायची सुट्टी, साहेब बाहेर गेलेत. अखेर साहेब आले. उद्याही आला, अत्तर मारून. साहेबांनी भिंत ठोकून पाहिली आणि पुटपुटले, "ओल पलीकडूनच दिसतेय." माझा जीव भांड्यात पडला.

उद्या घाबरला नाही. त्याला बाबांचा नियम ठाऊक होता. गोड हसून म्हणाला, "साहेब, माझं काम नवं, भिंत जुनी. काकांनीच बांधलीय. त्यांनाच विचारा ना. काका खोटं बोलायचे नाहीत."

बाबा खाटेचा आधार घेत उठले. "भिंत माझी. दोष माझा. यांचा काही संबंध नाही."

"मग मिटलंच," साहेब म्हणाले आणि जोडे घालायला लागले. उद्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "अशी माणसं राहिली नाहीत, काका." हरामखोर!

दोघं गेल्यावर मी बाबांवर तुटून पडले. "माझं नाक कापलंत तुम्ही!"

"मग खोटं बोलू?"

"आत्ता बोललात ते खोटंच होतं!"

ते भिंतीकडे तोंड करून निजले. थंडी पडली आणि छाती भरली. न्यूमोनिया. भरती करावं लागलं.

तेव्हा नर्स आपण होऊन आली. "ताई, प्लंबर आणा. मी दार उघडते. मग मला काय करायचं ते करू दे त्याला."

प्लंबरनं मोरीची फरशी उचकटली. सांडपाण्याची नळी भिंतीपाशीच तुटलेली. अंघोळीचं, भांड्यांचं, सगळं पाणी सरळ आमच्या भिंतीत. मी इकडून बाबांची छिन्नी घेतली आणि गिलावा उतरवला. आत थर कसे, दोरी लावल्यासारखे! विटांमधल्या दरजा मालानं काठोकाठ भरलेल्या, कुठे बोट जाईल एवढी फट नाही. मी तिथेच फतकल मारून रडले.

बाबांना हे दाखवायला हवं होतं. मोबाईलवरचे फोटो त्यांना दिसायचे नाहीत, मोतीबिंदू. म्हणून म्हटलं, एक वीटच नेते. चांगल्या जागी छिन्नी मारली. छिन्नी निसटली, मनगट सुजलं, वीट हलली नाही. जिथे नळी ओकत होती तिथली मात्र हात लावताच सुटून आली, मालासकट. तीच टॉवेलात गुंडाळून नेली. गवंड्याची पोर मी, आणि एवढं कळू नये? चांगली होती ती निघत नव्हती. निघाली ती कुजलेली होती.

"बाबा, नळी त्याची तुटली होती," मी त्यांच्या कानाशी म्हणाले. "तुमचा माल पक्का आहे. हे बघा."

त्यांनी वीट छातीवर घेतली. चाचपून विटेला चिकटलेल्या मालावर अंगठ्याचं नख दाबलं. माल भुरूभुरू पांढऱ्या चादरीवर सांडला.

"कच्चाच," ते म्हणाले.

"अहो, ही पाण्यातली आहे! बाकीची भिंत..."

"माझं मन नको राखू." प्राणवायूचा मास्क त्यांनी बाजूला केला. "त्याची माफी माग. त्याच्याही घराचं नुकसान झालं."

मी शपथा घेतल्या, नर्सला साक्षीला बोलावते म्हणाले. ते ऐकेनात. नुसते बघत राहिले, माझ्या होकाराची वाट बघत. धाप वाढत चालली होती.

"मागते," मी म्हणाले. तेव्हा मास्क लावू दिला.

सकाळी गेले. ज्या माणसानं उभ्या जन्मात एक वाकडा थर लावला नाही, तो गुन्हेगार म्हणून गेला.

उद्या आला समाचाराला. दारात उभा राहून हळहळला. "सरळ माणूस हो. स्वतः कबूल केलं." नर्सला त्यानं त्याच आठवड्यात बाहेर काढलं होतं. बाबांना दिलेला शब्द माझ्या ओठापर्यंत आला. मी दार लावून घेतलं.

शेजारी आता कुणी राहत नाही, म्हणून पाणी नाही. भिंत सुकत चाललीय. लोक म्हणतात, गिलावा करून घे, उघडी भिंत बरी दिसत नाही. नाही करणार. घरी कुणी आलं की चहाच्या आधी मी त्याला आतल्या खोलीत नेते आणि म्हणते, हात लावून बघा.