पायरीवरचा चंद्र

मैलापूरच्या सासरी येताना इराने मोजक्या साड्या आणल्या होत्या आणि एक चंद्र. चंद्र पुठ्ठ्याच्या खोक्यांत होता, तोही सुट्या भागांत. खड्डेखड्डे असलेली करडी पाटी, निळे-करडे, एकमेकांत बसणारे ठोकळे, पिवळ्या पारदर्शक काचांची यानं आणि बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे, लाल-पांढरे अंतराळवीर. त्यांच्या छातीवर सोनेरी ग्रह. सगळा माल तिच्या लहानपणच्या काळातला. कंपनीने तो बनवणं केव्हाच बंद केलं होतं. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका निस्तरायच्या आणि घरी येऊन इंटरनेटवरच्या लिलावांत जुने ठोकळे धुंडाळायचे, हा तिचा नेम. ती करडी पाटी तर तिने एग्मोरच्या एका लॉजमध्ये उतरलेल्या निवृत्त जहाजी इंजिनिअरकडून गोड बोलून पदरात पाडून घेतली होती. "वेड लागलंय तुला," असं कोणी म्हणालं की ती म्हणे, "लागलंय. पुढे?"

वेडाला कारण होतं. सोलापुरात ती चौथीत असताना कुवेतच्या मामाने असंच एक खोकं आणलं होतं. महिनाभर तिने चंद्रावर घरं बांधली आणि पाडली. एके दिवशी शाळेतून आली तर खोकं नाही. आईने ते मावसभावाला, संजीवला, देऊन टाकलेलं. "मुलीच्या जातीला रॉकेटं कशाला? तुला बाहुली आणू." बाहुली आली. इराने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्या दिवसाचा राग तिने इतकी वर्षं लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता, आणि तो तिला अजून पुरत होता.

सासरची माणसं तंजावरची मराठी. बोलणं मराठीच, पण तीनशे वर्षं तमिळच्या शेजारी नांदलेलं. नवरा सिद्धार्थ चिडला की तमिळमध्ये चिडायचा आणि लाडात आला की इंग्रजीत यायचा. मराठी उरली ती मोठ्यांसमोर जपून बोलायला. घरात राज्य मात्र सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचं, तुळजाआत्यांचं. बालाजीराव बँकेत मोठे साहेब होऊन निवृत्त झाले, तरी बहिणीपुढे त्यांचा आवाज फुटत नसे.

२००६ सालचं नवरात्र हे इराचं या घरातलं पहिलं. दिवाणखान्यात कोलूच्या, म्हणजे नवरात्रात बाहुल्या मांडायच्या, पायऱ्या चढल्या, वर पांढरं धोतर अंथरलं, माळ्यावरून बाहुल्या उतरल्या. वरच्या पायऱ्यांवर देव, मधे दशावतार, खाली वाणी-वाणीण आणि त्यांचं दुकान. अगदी खाली, जमिनीवर, पोरांचा पार्क: मोटारी, प्लास्टिकचे वाघ, आरशाचं तळं. एका मधल्या पायरीवर मातीचा वाजंत्र्यांचा ताफा असायचा. तो यंदा माळ्यावरच फुटलेला निघाला आणि जागा रिकामी राहिली. कोलूत दरवर्षी एक तरी नवी बाहुली यावी लागते. इराने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि तिचा जीव अडकला.

"मी माझं काही ठेवू का तिथे?" तिने सासूबाईंना विचारलं.

श्रीदेवीबाई प्रसादाच्या सुंडलासाठी चणे परतत होत्या. "ठेव की गे. पण पुसून ठेव. या घरीं पुसल्यावाचून पायरीवर काही ठेवीत नाहींत."

एवढंच ना! इराने दुपारभर बसून पुसलं. टूथब्रशने ठोकळ्यांच्या फटी घासल्या. अंतराळवीरांची हेल्मेटं अलगद काढली, कारण त्या जुन्या हेल्मेटांची हनुवटीखालची पट्टी जरा जोर लागला की तडकते. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. मग रिकाम्या पायरीवर चंद्र मांडला: तळ, मनोरा, उडायच्या तयारीतलं यान. देवांच्या खाली नि वाण्याच्या वर तो असा शोभला की इरा स्वतःवरच खूश झाली.

संध्याकाळी तुळजाआत्या देवळातून आल्या आणि चप्पल काढता काढता थबकल्या.

"हें काय? कोणास पुसलीस?"

"कोणास म्हणजे?" इरा उत्साहाने म्हणाली. "सगळ्यांनाच पुसलं, आत्या! एकेकाला, टोपी काढून!"

बालाजीरावांना ठसका लागला. सिद्धार्थ कपाळाला हात लावून तिच्या कानाशी लागला, "इरा, पुसणं म्हणजे विचारणं. आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं."

आत्यांना वाटलं, पोरगी तोंडावर थट्टा करते आहे. "अय्यो! मज हसतेस?"

"नाही हो. सोलापुरात पुसणं म्हणजे फडक्याने पुसणं. खरंच."

"सरी, बरें. चूक झाली. मग आतां पूस," आत्या म्हणाल्या.

श्रीदेवीबाई दारातून डोळ्यांनी खुणावत होत्या: विचार, म्हणजे मिटेल. इराला ठाऊक होतं, विचारलं की उत्तर काय येणार. 'पोरखेळ आहे, खाली पार्कांत ठेव.' प्लास्टिकच्या वाघांशेजारी. म्हणजे पुन्हा तेच. खोकं बंद, झाकण लाव, मोठी झालीस आता.

"नाही पुसणार," ती म्हणाली.

उंबऱ्यावर सुंडलाचा वास फिरत होता.

"वर देव असतात, खाली माणसं," आत्या एकेक शब्द तोलत म्हणाल्या. "ही कोण?"

"माणसंच आहेत. वर जायला निघालेली."

"खेळणं तें!"

"तुमचा वाणी तरी काय खरा तांदूळ विकतो?"

सिद्धार्थने डोळे मिटून घेतले. आत्या पुढे झाल्या, पदर खोचला आणि दोन्ही हात पाटीच्या कडांना लावायला निघाल्या. क्षणभर इरा चौथीतली झाली, पाठीवर दप्तर, समोर रिकामा कोनाडा. पण तेव्हा ती घरी नव्हती. आज होती.

"आत्या, थांबा!" तिचा आवाज चढला, चढला तर चढला. "मी लहान असताना माझं हेच घरातून गेलं. तेव्हा मला कोणी पुसलं नव्हतं. या घरात पुसल्याशिवाय काही ठेवत नाहीत ना? मग पुसल्याशिवाय उचलायचंही नाही. आधी मला पुसा."

आत्यांचे हात तसेच अधांतरी राहिले. त्या कडक होत्या, पण लबाड नव्हत्या. नियम त्यांचाच होता, आणि आजवर तो त्यांच्यावर उलटवण्याची कोणाची छाती झाली नव्हती.

मग जणू घास गिळावा तशा म्हणाल्या, "उचलूं का?"

"नको," इरा म्हणाली.

"पुसलें," आत्या घराला उद्देशून म्हणाल्या. "नको म्हणते." आणि हात आवरून कुंकवाचं तबक आणायला आत गेल्या.

नऊ दिवस आत्या इराशी कामापुरतंच बोलल्या. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या अंबुजाबाईंनी चंद्राकडे बोट करून नाक मुरडलं, तेव्हा मात्र "पुसून ठेविलें आहे" एवढं फटकन सांगून आत्यांनी त्यांना गाणं म्हणायला बसवलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी कोलू उठवायच्या आधी एक तरी बाहुली आडवी करून निजवायची असते. आत्यांनी लाकडी राजा-राणीची जोडी निजवली. मग पांढऱ्या अंतराळवीराकडे बोट केलं. हात लावला नाही.

"तुज पुसतें. यास निजवूं?"

सगळे इराकडे बघू लागले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. आता पोरगी हो म्हणेल, पाया पडेल, सगळं गोड होईल.

"नको, आत्या," ती म्हणाली. "तो पहाऱ्यावर आहे."

तुळजाआत्यांनी मान डोलावली आणि दिवा लहान करताना चंद्रावर सावली पडू नये म्हणून जरा बाजूला सरकून उभ्या राहिल्या.