तीन हातांचा वादक

थोरल्याचा उजवा हात गेला त्याला सव्वा वर्ष झालं होतं. गेला म्हणजे होता जागेवरच, पण मालकाचं ऐकत नव्हता. झटका आला तेव्हा वाकडं झालेलं तोंड महिन्याभरात सरळ झालं, पायही चालायला लागला. हात मात्र रुसला तो रुसलाच. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणाली होती, आणखी सहा महिने धीर धरा, बोटं हलतील. त्या सहा महिन्यांवर थोरल्याने जीव टांगून ठेवला होता.

धाकट्याची रेकॉर्डिंगची खोली होती. जाहिरातींची गाणी, शाळांची गाणी, हौशी गायकांची गाणी, येईल ते काम तो करी. कोपऱ्यात थोरल्याचे ड्रम मांडलेले. तीस वर्षं त्या खोलीतून जे काही बाहेर पडलं, त्यातला ठेका थोरल्याचा. हात गेल्यावरही धाकट्याने ड्रम हलवले नव्हते, नुसती चादर टाकली होती. पण खोली ती केवढी! गाणाऱ्यांसाठी त्या कोपऱ्यात काचेचं केबिन करावं असं तो चाचरत दोनदा बोलून गेला होता, आणि दोन्ही वेळा थोरल्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं.

एक दिवस त्याने दादाला बोलावून घेतलं. कॉम्प्युटरमध्ये आपोआप ड्रम वाजवणारी तीन सॉफ्टवेअर त्याने महिनाभर वापरून बघायला घेतली होती. त्यातलं एक निवडायचं होतं, ऐकणाऱ्याला माणूसच वाजवतोय असं वाटेल ते.

"माझा कान आता बधिर झालाय," धाकटा म्हणाला. "तू म्हणशील ते घेतो, दादा. डोळे मिटून."

थोरला खुर्चीत बसला. पहिला वादक सुरू झाला. भिंतीवरच्या घड्याळाच्या हाती काड्या दिल्यासारखा तो वाजवत होता. थोरल्याला बरं वाटलं.

दुसरा माणसासारखा वाटावा म्हणून मुद्दाम चुका करी. पण त्या चुका कुणाच्याच नव्हत्या. दमलेला माणूस जिथे चुकतो तिथे हा पठ्ठ्या बिनचूक, आणि पोरसुद्धा चुकणार नाही तिथे ठेचकाळे. एका जागी तर त्याने मोठी झांज, छोटी झांज आणि ड्रम, तिन्हींवर एकाच क्षणी काडी मारली. थोरला मनात हसला. बाबा रे, याला तीन हात लागतात.

मग तिसरा लागला. कडवं संपून धृपदात शिरताना हा किंचित घाई करी आणि मग स्वतःच ओशाळल्यासारखा मागे रेले. लांबच्या ड्रमवरून हात परत यायला जेवढा उशीर लागावा तेवढाच याला लागे. शेवटच्या कडव्यात तर तो चक्क दमला. हा आला की आपण संपलो, हे थोरल्याला स्वच्छ कळलं.

तिन्ही वाईट आहेत म्हणावं, तर धाकट्याला वाटणार दादा जळतोय. तिसरा सांगावा, तर उद्याच कोपरा रिकामा. मग त्याच्या डोक्यात एक वाकडा विचार आला. दुसरा सांगावा. गिऱ्हाइकं आपणच नाक मुरडतील, ठेका खोटा आहे म्हणतील, आणि धाकटा म्हणेल की थांबू या, दादाचा हात येईपर्यंत.

"दुसरा," थोरला म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो ठेक्याच्या बाबतीत खोटं बोलला.

धाकट्याने एका शब्दाने विचारलं नाही. दुसरा घेतला.

आता थोरला रोज जाऊन बसू लागला. तक्रारीची वाट बघत. जाहिरातवाला आला, ऐकून मान डोलावून गेला. शाळेच्या बाई आल्या, त्यांनी फक्त मुलांचे आवाज वाढवायला सांगितले. तिसऱ्या आठवड्यात एक गायक आला, जुना, चांगल्या गळ्याचा. थोरल्याने कान टवकारले. हा तरी पकडेल. गायकाने गाणं दोनदा ऐकलं, आणि तीन हातांची तसलीच एक जागा गेल्यावर मांडीवर थाप मारली.

"कुणाला बोलावलं होतंत?" त्याने विचारलं. "जिवंत माणसाची गंमत वेगळीच."

धाकट्याने दादाकडे बघून डोळा मारला. थोरल्याला हसता येईना.

गायक गेल्यावर त्याने सगळं कबूल केलं. मुद्दाम वाईट निवडलं, तुला फसवलं, असं सरळ सांगितलं. वाटलं, हा चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. धाकट्याने ती जागा पुन्हा लावली. पुन्हा ऐकली. मग तिसऱ्या वादकाची लावली. दोन्ही आलटून पालटून ऐकली, कपाळाला आठ्या घालून, अगदी प्रामाणिकपणे.

"तीन हात लागतात रे तिथे," थोरला म्हणाला. "मोज की."

धाकट्याने बोटांवर मोजले. "हो, लागतात खरे. पण दादा, ऐकणारा हात कुठे मोजत बसतो?"

"तू?"

धाकटा म्हणाला, "खरं सांगू? मला फरक कळत नाहीये."

तीस वर्षं समोर बसून ज्याने थोरल्याचा एकेक घाव टिपला, त्याचे हे शब्द. थोरल्याला धाकट्याचा राग आला नाही. त्याला एवढंच वाटलं, की मग आपण इतकी वर्षं कुणासाठी वाजवत होतो? धृपदाच्या तोंडाशी धरलेला तो श्वास, हलकेच सोडलेली ती काडी, कुणाच्या कानात गेली?

केबिनचं माप घ्यायला सुतार कधी बोलवू, असं धाकट्याने फार हळू विचारलं. थोरला म्हणाला, उद्याच बोलव.

घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं. तो डाव्या हाताने चिवडत बसला, आणि चिवडता चिवडता सगळं सांगून गेला. शेवटी म्हणाला, "तुला तरी कळलं असतं ना गं? प्रत्येक कार्यक्रमाला यायचीस. पहिल्या रांगेत बसायचीस."

बायकोला खोटं बोलता येत नसे. तिने पाण्याचा पेला त्याच्या डाव्या हाताशी सरकवला.

"मला कुठलं कळायला," ती म्हणाली. "तुम्ही वाजवायचात, मी तुमच्याकडे बघत बसायचे."

तिने ते मायेनेच म्हटलं होतं, हे त्यालाही कळलं. तो हो म्हणाला आणि जेवू लागला. दुसऱ्या दिवशी व्यायामाची बाई आली, तेव्हा त्याने तिला दारातूनच परत पाठवलं.