आठ लवंगांची घडी

दादरला हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानात मी एकेचाळीस वर्षं गादीवर बसलो. एक बाई साडी बघायला आल्या तेव्हा त्यांचं लग्न ठरायचं होतं. पसंत करून उठल्या तेव्हा त्यांच्या नातवाची मुंज होती. हे पटत नसेल तर सोडून द्या. पुढचं मात्र खरं आहे, आणि सगळा त्रास मला त्या खऱ्याचाच झाला.

आमची नात, पूर्वी, चौथीत आहे. शाळा सकाळची, डिलाईल रोडच्या आमच्या चाळीपासून सात मिनिटांवर. परवा दुपारी ती आली आणि दप्तर न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, तू मेक्सिकोला गेला होतास ना?"

आता काय झालं होतं, की कधीतरी जेवताना मी तिला सांगून बसलो होतो : मालकांनी मला नऊवारी विकायला मेक्सिकोला धाडलं होतं. तिथले लोक पोळीवर भाजी ठेवून खायचे आणि निम्मी सदऱ्यावर सांडायचे. मी त्यांना साडीची घडी शिकवली, तेव्हापासून जगात रॅप सुरू झाले.

"का गं?" मी विचारलं.

"मी वर्गात सांगितलं. शंतनू म्हणाला, सिद्ध कर. उद्या आठ रॅप आण, तुझ्या आजोबांच्या घडीचे. एक जरी सुटला तर अख्खं वर्ष सगळे मला फेकू म्हणणार." तिने खाली बघितलं. "दोघं आत्ताच म्हणतात."

मला लोक फेकू म्हणतात त्याचं काही नाही, मी ते कमावलंय. पण नऊ वर्षांच्या पोरीला माझ्यामुळे?

"फ्रँकी म्हणजे काय ती, मी करून देते," आमची नलू आतून म्हणाली.

"फ्रँकी नाही गं आजी, रॅप. टॉर्टिलाचा."

"मैद्याची पोळीच ना शेवटी? आणि ह्यांच्या गजाली पोरीच्या डब्यात कशाला गेल्या?"

सूनबाई, अनुजा, परळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते. पूर्वीने फोन केला म्हणून तिने येताना दहा टॉर्टिलांचं पाकीट आणलं, रात्रभरासाठी राजमा भिजत घातला आणि मला म्हणाली, "अप्पा, उद्या मला सहाला निघायचंय. राजमा मी पहाटेच शिजवून ठेवीन. मेक्सिको तुमचं, तर रोलही तुम्हीच करा."

पहिला टॉर्टिला मी पाकिटातून काढला तसाच दुमडला. पापडासारखा मोडला. दुसऱ्यात उरलेली कोबीची भाजी भरली. गुंडाळून ताटात ठेवला, पाठ वळवली, तर हा आपोआप उलगडला. माझ्याकडे बघून जांभई दिल्यासारखा.

"अळुवडीसारखा दोऱ्याने बांधा," नलू म्हणाली.

"दोरा कोण खातं, आजी?"

"मग टूथपिक लावा."

"शाळेत टोकदार काही चालत नाही."

राहिले आठ. एकही वाया घालवायला जागा नाही. मग मी टॉर्टिलाला हातच लावला नाही. कपाटातले रुमाल काढले, अभयचे, म्हणजे मुलाचे, मोजे काढले, आणि रुमालात मोजे भरून घड्या घालत बसलो. एक सुटली, दुसरी सुटली, तिसरी अर्धवट राहिली. मी उठायचो, गॅलरीत जायचो, परत यायचो, बसायचो.

"अहो, मोज्यांचे रोल कोण खाणार आहे?" नलू म्हणाली. "एकेचाळीस वर्षं काय केलंत दुकानात? तसंच करा की."

ऐकायला वाईट वाटलं, पण बाई बरोबर बोलली. मी हातांना सैल सोडलं. हातांना सगळं ठाऊक होतं. मध्ये आडवा येत होतो तो मी.

सकाळी पाचला आम्ही दोघं ओट्यापाशी. नलूने टॉर्टिला तव्यावर जरा जरा कोमट करून फडक्यात झाकले. गरम असताना तो पोरासारखा वळतो, थंड झाला की म्हाताऱ्यासारखा मोडतो. राजमा कोरडा चेचून गार केलेला. त्यात मक्याचे दाणे, सिमला मिरची, चीज. टोमॅटो नको म्हटलं, पाणी सुटतं. हिरवी चटणी नलूने माझ्या डोळ्यांदेखत लावली. "मेक्सिकोत नसते," मी म्हणालो. "तुम्ही बघून आलाय ना!" ती म्हणाली.

सारण मधोमध नाही, आपल्या बाजूला. कडेला दोन बोटं जागा. खालचा काठ वर घ्यायचा, दोन्ही बाजू आत घालायच्या, निऱ्या खोचल्यासारख्या. मग सारण बोटांनी आपल्याकडे ओढून घट्ट करायचं आणि पुढे लोटत न्यायचं. शेवटी पदर, म्हणजे उरलेली कड, खाली. पदर आपल्याच अंगाखाली दाबला की गप्प बसतो. तसाच तो तव्यावर क्षणभर पदराच्या बाजूने टेकवला की काम झालं. साडेसहाला आठच्या आठ ओळीत बसले होते, कापडाची नवीन ठाणं मांडल्यासारखे.

"बसली घडी," नलू म्हणाली. "आता हात लावू नका." आणि ती पूर्वीची वेणी घालायला आत गेली.

मी फडकं उचलून बघितलं. ठीक होते. झाकलं. पुन्हा उचललं. तिसरा जरा हलल्यासारखा वाटला का? चाळीत जन्म गेला माझा, पण त्या ओट्यापासून दारापर्यंतच्या सहा पावलांत त्या सकाळी मी लालबाग गाठून आलो असेन. खरं सांगू का, खऱ्या गोष्टीवर माझा कधी भरवसाच बसलेला नाही. तिला जरा काहीतरी वरून लावल्याशिवाय ती टिकेल असं मला वाटत नाही. पानाचा विडा कसा बंद करतात? लवंग टोचून. मसाल्याच्या डब्यात लवंगा आठच होत्या. आठही टोचल्या, थेट डोक्यापर्यंत आत. रोल कागदात गुंडाळून डबा भरला, सात वाजता पोरीला फाटकात सोडून आलो.

नऊ वाजता नलूने भातासाठी मसाल्याचा डबा उघडला.

"लवंगा कुठे गेल्या?"

मी पेपरमागे गेलो.

"अहो, काल आठ होत्या."

"आठ," मी म्हणालो, आणि पेपर माझ्या हातातून गळला. विड्यातली लवंग खातात. पण राजमा-चीजच्या घासाला नऊ वर्षांच्या पोराच्या दाढेखाली ती आली तर? आणि ती काढून टाकायची, हे मी पूर्वीला सांगितलंच नव्हतं. "घडी बसली होती ना? हात लावू नका म्हटलं होतं ना?" हे मला जिन्यात ऐकू आलं.

सात मिनिटांचा रस्ता मी चार मिनिटांत कापला. फाटकावर कुशाबा, शाळेचा पहारेकरी, स्टुलावर बसून होता.

"कुशाबा, चौथी ब मध्ये जाऊन सांग, रोलमधल्या लवंगा काढून खा म्हणावं!"

कुशाबाने शांतपणे माझ्याकडे बघितलं. "अप्पा, गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात, शाळेच्या टाकीत सुसर शिरलीय."

"ते वेगळं."

"मी आख्खी टाकी उपसली. प्राचार्यबाईंनी विचारलं, काय करतोस? मी म्हटलं, सुसर."

"अरे देवाशपथ, या वेळी खरं आहे!"

"तेव्हाही देवाचीच होती."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. आत चारशे पोरांचा कल्लोळ उठला, आणि मी गजाला धरून बाहेर. त्या कल्लोळात मला एकच शब्द ऐकू यायला लागला. तो कुणी म्हणत नव्हतं, पण मला येत होता.

घरी गेलो नाही. फाटक ते कोपऱ्यावरचा गिरणवाला, गिरणवाला ते फाटक. गिरणवाला म्हणाला, "अप्पा, दळण आहे का?" माझंच चाललं होतं.

साडेबाराला शाळा सुटली. पूर्वी आली. रडलेली दिसत नव्हती, हसतही नव्हती. तिने डबा माझ्या हातात दिला. रिकामा.

"पहिला घास शंतनूने घेतला," ती चालता चालता म्हणाली. "त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. नळावर पळाला."

"मग?"

"मी म्हटलं, मेक्सिकोत एकाच रोलमध्ये लवंग लपवतात. ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं जातं."

मी जागच्या जागी थांबलो. कसली पोरगी! मला नसतं सुचलं.

"मग मनवाला मिळाली. मग पुष्करला." तिने माझ्याकडे बघितलं. "आठ, आजोबा? आठ?"

"हो गं."

"सगळे ओरडायला लागले. तो शब्द. मग मी खरं सांगून टाकलं. माझे आजोबा मेक्सिकोला गेलेच नाहीत. हिंदमाताला साड्यांच्या घड्या घालायचे. घडी सुटेल म्हणून घाबरले आणि त्यांनी लवंगा टोचल्या."

मला एकदम उन्हात उभं असल्याचं जाणवलं.

"मग शंतनूने एका न खाल्लेल्या रोलची लवंग काढली आणि रोल उलटा धरून हलवला. जोरात. दोनदा." तिने रिकामी मूठ हलवून दाखवली. "नाही सुटला. सगळ्यांनी हलवून बघितलं. एकाचाही नाही. मग कुणी नाही म्हणालं मला फेकू."

"आणि मेक्सिकोचं काय म्हणाले?"

"ते कुणाला खरं वाटलंच नव्हतं, आजोबा. मलासुद्धा." तिने माझा हात धरला. "शुक्रवारी बाईंनी बोलावलंय तुला. घडी दाखवायला. लवंगा आणू नकोस. आणि दुसरं काही सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"शपथ?"

"शपथ."

फाटकातून कुशाबा ओरडला, "काय अप्पा! लवंगा सापडल्या का? आणि टाकीतल्या सुसरीचं काय?"

पूर्वीने माझा हात घट्ट दाबला. मी मान खाली घातली आणि मोठ्याने म्हणालो, "नव्हतीच रे सुसर कधी. चुकलो."

दहा पावलं नीट चाललो. अकराव्याला मान आपोआप वळली.

"पण कुशाबा, अंडी घालून गेलीय का, तेवढं बघून घे!"

"आजोबा!" पूर्वी ओरडली. पण कुशाबा स्टुलावरून उठला होता, आणि काठी घेऊन टाकीच्या दिशेने निघाला होता.