तक्रार प्राप्त झाली, नोंद घेतली

मी एक जुनी तक्रारवही आहे आणि माझी कोणाविषयी काहीही तक्रार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं मी चिडकी असेन. मी चिडकी नाही, मित्रांनो. मी फक्त दमले आहे.

माझा जन्म कणकवलीच्या एका छापखान्यात झाला. ऐंशी पानं, पुठ्ठ्याचं अंग, पाठीला लाल कापड. आम्ही बारा बहिणी एकाच दिवशी शिवल्या गेलो. एक शाळेत हजेरीपट झाली, एक भजनी मंडळात गेली, तिचं बरं चाललंय म्हणतात. मी तोंडवलीच्या अलीकडच्या एका गावातल्या वाचनालयात आले. गावाचं नाव सांगत नाही. तक्रारवहीने गुप्तता पाळायची असते.

तिथे सत्यवान नावाच्या गृहस्थाने दाभणाने माझ्या कोपऱ्याला भोक पाडलं, सुतळी ओवली आणि मला दाराजवळच्या खिळ्याला टांगलं. दुसऱ्या सुतळीला पेन बांधलं, ते पळून जाऊ नये म्हणून. मीही पळून जाईन असं त्याला वाटलं असावं.

सत्यवान वाचनालयाचा ग्रंथपाल होता, कार्यवाह होता आणि झाडूवालाही होता. तिन्ही पदांवर तो वेगवेगळा वागायचा. कार्यवाह सत्यवान ग्रंथपाल सत्यवानाला लेखी पत्र द्यायचा, आणि ग्रंथपाल ते झाडूवाल्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. माझ्या पहिल्या पानावर त्याने सुवाच्य अक्षरात नियम लिहिला: ‘प्रत्येक तक्रारीस सात दिवसांत लेखी उत्तर मिळेल.’

पहिली तक्रार आली: ‘पंखा आवाज करतो.’

उत्तर गेलं: ‘पंखा बंद करण्यात आला आहे.’

त्यानंतर आठ वर्षं कोणी तक्रार केली नाही.

आठ वर्षं खिळ्याला लटकून बघा. खाऱ्या वाऱ्याने माझी पानं फुगली, पाठीमागे पालीने दोनदा संसार मांडला. दरवर्षी तपासणीला एक साहेब यायचे. मला उघडून कोरी पानं बघायचे आणि म्हणायचे, “उत्तम! एकही तक्रार नाही.” मग ‘उत्तम’ असं लिहून सही करायचे. असे आठ ‘उत्तम’ माझ्या अंगावर आहेत. काहीही न करता एवढी शाबासकी गावात दुसऱ्या कोणालाच मिळालेली नाही. मला तेव्हा अभिमान वाटायचा. अनुभव कमी होता.

मग किशोरी आली. ती पुस्तकासाठी आली नव्हती, रेंजसाठी आली होती. आमच्या वाडीत मोबाईलची रेंज एकाच ठिकाणी मिळते, वाचनालयाच्या तिसऱ्या पायरीवर. दुसऱ्या पायरीवर मिळत नाही, चौथ्या पायरीवर लागलेला फोन तुटतो. किशोरीचा नवरा प्रीतम मालवाहू जहाजावर खलाशी. कुठल्याशा लांबच्या बंदराबाहेर त्या जहाजाच्या मालकाने जहाज सोडून दिलं आणि फोन उचलणं बंद केलं. अकरा माणसं वर अडकली. कागदपत्रांशिवाय त्यांना खाली उतरता येईना. प्रीतमचा फोन आला तर दुपारी चारच्या सुमारास यायचा. कधी आठवड्याने, कधी दहा दिवसांनी.

पहिल्याच दिवशी सत्यवानाने तिला हटकलं. “वयनी, हय बसाचा आसात तर कायतरी वाचूक व्हया. नियम आसा.”

“माका फक्त रेंज व्हयी.”

“रेंज घेवा. पन पुस्तक हातात धरा. बोर्डार लिवलेला आसा.”

“खंयच्या बोर्डार?”

“उद्या लिवतंय.”

तिने हाताला लागलं ते पुस्तक उचललं. चार दिवस ते नुसतं धरलं, त्यातले दोन दिवस उलटं. पाचव्या दिवशी फोन आला नाही म्हणून पहिलं पान वाचलं. नंतर मी पाहिलं, फोन न येण्याचे दिवस वाढत गेले तशी पानं पुढे सरकत गेली. ती एका कुटुंबाची कादंबरी होती. ते लोक माळावर विहीर खणतात. वीस हात, तीस हात, चाळीस हात, पाणी लागत नाही. किशोरी त्यांच्याबरोबर खाली खाली उतरत गेली. तेवढा वेळ तरी तिचं लक्ष फोनवर नसायचं.

आणि शेवटची चार पानं वाळवीने खाल्लेली!

त्या दिवशी माझी सुतळी जोरात ओढली गेली. मला वाटलं, पाल आली. ‘कादंबरीचा शेवट नाही. पाणी लागले की नाही ते कळवावे. किशोरी.’

कार्यवाहाने सातव्या दिवशी उत्तर दिलं: ‘आपली तक्रार प्राप्त झाली. प्रत दुसरीकडे उपलब्ध नाही. वाळवीकडून पाने परत मिळण्याची शक्यता कमी. सबब, तक्रारदाराने शेवट स्वतः लिहून याच वहीत दाखल करावा, असे सर्वानुमते ठरले.’

सभेला सत्यवान एकटाच होता.

किशोरी ते वाचून हसली नाही. बारावीनंतर तिने किराणा मालाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पण बसून करणार काय? तिने लिहिलं, ‘पाणी लागले नाही. सगळे घरी गेले.’ दुसऱ्या दिवशी ते खोडलं. मग एका शेवटात पाणी लागलं, पण खारं. एकात वाळवीलाच आधी पाणी लागलं आणि ती माणसांना वाट दाखवते. असे सहा शेवट तिने माझ्यात लिहिले. पेनातली शाई संपली, सत्यवानाने नवी कांडी घातली. मला पहिल्यांदाच आतून ओलं वाटलं. पावसाच्या दमटपणापेक्षा ते वेगळं असतं.

सातव्या वेळी तिने शेवट लिहिला नाही. पहिली ओळ शाळेतल्या मराठीत होती, मग ते मराठी दमलं आणि घरची भाषा आली: ‘मला झोप येत नाही. डोळे मिटलंय की ह्येंचा जहाज दिसता.’

उत्तर: ‘कपाट क्र. ३ मधील जाड ग्रंथ देण्यात येत आहे. कार्यवाहांना तो तिसऱ्या पानावर लागू पडला.’

‘सासू रोज विचारता, फोन इलो? मी रोज सांगतंय, इलो. इलेलो नसता.’

उत्तर: ‘तक्रार योग्य आहे. विषय वाचनालयाच्या अखत्यारीत येत नाही. तरी नोंद घेतली.’

असं चार महिने चाललं. ती लिहायची, तो सातव्या दिवशी उत्तर द्यायचा, आणि एकमेकांशी बोलताना दोघंही पंख्याविषयी बोलायची. त्याला तिचं दुःख दूर करता येत नव्हतं. पण आलेल्या तक्रारीला उत्तर द्यायचं एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात त्याने एकदाही उशीर केला नाही.

एका दुपारी काशीबाई आल्या, म्हणजे किशोरीची सासू. किशोरी तेव्हा रेशनच्या दुकानात गेली होती.

“सत्यवाना, माका एक तक्रार करूची आसा.”

“कोनाची?”

“सुनेची. रोज म्हनता फोन इलो. मगे माझ्या झिलाचो आवाज माका कित्याक आयकवना नाय?”

“काकी, हय फक्त वाचनालयाची तक्रार घेतंत.”

“ती खंय बसता?”

“वाचनालयात.”

“मगे तुझीच तक्रार ती. हाड वही.”

सत्यवानाने मला खिळ्यावरून काढलं खरं, पण हातातून सोडेना. गुप्ततेचा नियम त्यानेच केला होता, आणि तक्रारदाराला वही नाकारायची नाही हाही त्याचाच. दोन नियमांच्या मध्ये तो बराच वेळ उभा राहिला. काशीबाईंनी मला ओढून घेतलं.

त्या अक्षर अक्षर जोडून वाचत होत्या. कोरं पान शोधायला त्यांनी मला मधेच उघडलं होतं, आणि नेमकं ते पान लागलं. ‘सासू रोज विचारता.’ काशीबाईंचं बोट तिथे थांबलं. मग त्या मागे गेल्या आणि सुरुवातीपासून वाचू लागल्या. विहिरीचे सहाही शेवट वाचले. ऊन पायरीवरून खाली उतरलं तरी त्या वाचत होत्या. शेवटी मला मिटून म्हणाल्या, “शाई बरी आसा.” आणि गेल्या. तक्रार केलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या पायरीवर दोघी बसू लागल्या. सत्यवान काही म्हणायच्या आत काशीबाईंनी हात पुढे केला. “दी एक पुस्तक. चित्रां आसलेला दी.”

मग फोन यायचा थांबला. दहा दिवस झाले, पंधरा झाले. शेवटच्या फोनात प्रीतम म्हणाला होता, जहाजावरचं गोडं पाणी संपत आलंय. एकोणिसाव्या दिवशी किशोरीने मला खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं. माझी आठ पानं उरली होती. तिने तक्रार लिहिली नाही, गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवळात मानकरी गावाच्या वतीने देवाला हाक मारून मागणं मागतो, ते गाऱ्हाणं. ते बायका घालत नाहीत आणि वहीत तर कोणीच घालत नाही. तिला ते कोणी सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

‘बा देवा म्हाराजा, जहाजार अकरा माणसां आसत. तेंचो मालक तेंका इसारलो, तू इसरा नको. तेंका पियाक पाणी दी. आमची चूकभूल झाली आसात तर पदरात घी. मी सासूक खोटा सांगलंय, ता पन घी. तेंका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा.’

ती घरी गेली. सत्यवानाने ते वाचलं आणि पेन उचललं. ‘तक्रार प्राप्त झाली’ एवढं लिहून थांबला. पुढचं वाक्य कुठल्याच कार्यालयात नव्हतं.

पेपर वाचायला आलेले गंगारामकाका त्याच्या खांद्यावरून वाकले. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचाच. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

“ह्या कोनी घातला?”

“किशोरी वयनीन.”

“बरा घातलाहा,” काका म्हणाले. “पन अर्धा रवला.”

“काय रवला?”

“अरे, गाऱ्हाणा घालनारो एकटो घालता. पन बाकीची मानसां ‘व्हय म्हाराजा’ म्हनतत, तेवा ता पुरा जाता. हय कोन म्हनलो?”

त्यांनी सत्यवानाच्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं: ‘व्हय म्हाराजा.’ आठ वर्षं रोज वाचनालयात येणाऱ्या या माणसाने माझ्यात पहिल्यांदाच काही लिहिलं.

मग सत्यवानाने आपलं अर्धं उत्तर खोडलं. मी पैजेवर सांगते, त्याने माझ्यात तोवर एकही खाडाखोड केली नव्हती. त्याने लिहिलं: ‘व्हय म्हाराजा.’ खाली सवयीने ‘कार्यवाह’ लिहिलं आणि शिक्का मारला.

त्या आठवड्यात जो कोणी वाचनालयात आला, त्याच्या हातात सत्यवानाने पुस्तकाआधी मला दिलं. एकूण सेहेचाळीस जणांनी लिहिलं. एकाने सोबत ‘पंखा चालू करावा’ असंही लिहिलं, त्याचं सत्यवान बघून घेईल. काशीबाईंना जेमतेम सही येत होती. त्यांनी एक ओळभर जागा घेऊन ‘व्हय’ लिहिलं आणि दमून थांबल्या. किशोरी ती पानं उलटत राहिली. ती रडली नाही. त्या दुपारी पायरीवर भिंतीला टेकून झोपली, फोन काशीबाईंच्या हातात देऊन.

सव्विसाव्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी तो फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“खंय हुतंस रे मेल्या?” काशीबाई ओरडल्या, आणि आपण काय शब्द वापरला ते कळून त्यांनी जीभ चावली. फोन किशोरीकडे गेला. तिने तो दोन्ही हातांनी कानाला धरला. मग म्हणाली, “पाणी? पाणी लागला?” तिकडून काहीतरी उत्तर आलं. ती म्हणाली, “व्हय.” पुन्हा म्हणाली, “व्हय.” अकराही जणांना बंदरात उतरवलं होतं.

त्या दिवशी माझ्यात कोणी काहीच लिहिलं नाही. त्या तारखेचं पान कोरं आहे. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच कोरं पान मला खरोखर ‘उत्तम’ वाटतं, आणि नेमकी त्यावर कोणाचीही सही नाही.

प्रीतम पाच आठवड्यांनी आला. हाडं मोजून घ्यावीत असा झाला होता. बायकोला शोधत वाचनालयात आला आणि पायरीवर बसला. “बसाचा आसात तर वाचूक व्हया,” सत्यवान म्हणाला, आणि त्याच्या हातात मला ठेवलं. तो संध्याकाळपर्यंत वाचत होता. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीवर त्याने लिहिलं: ‘वाळवीवाला शेवट खरा वाटता. वही संपली. दुसरी द्यावी.’

दुसरी आली आहे. ती खिळ्याला लटकते, नवीकोरी, आणि अजून तिला वाटतं की ती फार चांगली आहे. मला सत्यवानाने रीतसर पुस्तक म्हणून दाखल करून घेतलं. मी आता कपाट क्रमांक तीनमध्ये त्या विहिरीच्या कादंबरीला बांधलेली असते. कादंबरी कोणी घरी नेली की मलाही जावं लागतं, शेवट माझ्याकडे आहेत म्हणून. माझी पाठ सुटली आहे, पानं पिवळी पडली आहेत. मला डिंक लावलात तर बरं वाटेल, नाही लावलात तरी तक्रार नाही.

फक्त एवढं करा, मित्रांनो. कुठे कोरी तक्रारवही टांगलेली दिसली, तर सगळं बरं आहे असं समजून सही करू नका. सुतळीला पेन आहे का बघा, ते उमटतं का बघा. आणि आत कोणी काही लिहिलेलं असेल, तर वाचून तसंच मिटू नका. खाली दोन शब्द लिहा. कोणते, ते आता तुम्हाला ठाऊक आहेत.